चोवीस तासांचा खडू

दुपारी तीनला पोस्ट टाकलो.
सागवानी फळी, पिवळी अक्षरं, काळी सावली:
'डॉ. सौ. विभावरी इंगवले, दातांचा दवाखाना'.
चार दिवसांत मनगट आखडलेलं.
रात्रीपर्यंत लाइक अकरा,
त्यातला एक माझाच, दुसऱ्या खात्यावरनं.

मग तीच पोस्ट उचलून स्टोरीला लावलो,
आख्खी, कडेपर्यंत.
तीनशे जणांनी बघितली.
पोस्टवर कोण आलं नाही.

मंगळवार पेठेत आमच्या तालमीच्या भिंतीला काळा फळा आहे.
आप्पा सकाळी सहाला ओल्या फडक्यानं पुसतात
आणि खडूनं लिहितात
पाणी किती वाजता, कुणाचं पोरगं भरती झालं,
कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी.
दुसऱ्या दिवशी परत फडकं.
पैसे नाहीत त्याचे. चहा आहे.

"आप्पा, स्टोरी म्हणजे तुमचा फळाच की,
एक दिवस राहती, मग पुसली."
"मग फळ्यावर आख्खी पाटी कशाला लिहितीस?
रस्त्यातच जेवण वाढल्यावर
घरात कोण येईल गं?"

मग शहाऐंशी सालचं सांगितलं.
आधीपण सांगितलेलं, मी ऐकलो नव्हतो.
मिरजकर तिकटीजवळ नवीन किराणा दुकान.
मालक म्हणाला, पेंटर, पैसे बेताचे, गर्दी मात्र पाहिजे.
आप्पांनी शिडी लावली,
बारा फुटी पत्र्यावर तांबड्या रंगात
एक काना काढला.
नुसता काना.
आणि उतरून घरी जेवायला आले.

दुसऱ्या दिवशी त्यावर मात्रा.
"ओ? कुणाचा ओ?"
तिसऱ्या दिवशी 'गो'.
गोविंद का गोपाळ, बिडीच्या बंडलावर पैजा.
दूध घालून परत जाणारे सायकली टेकवून उभे.
पाचव्या दिवशी पुरं झालं: 'गोदाक्का किराणा भांडार'.
मालकाच्या आईचं नाव. सगळे हरले.
उभे राहिलोच आहे म्हणून
निम्म्यांनी गूळ घेतला.

मी पण केलो तसं.
स्टोरीत फक्त ब्रशचं टोक आणि ओली वेलांटी.
खाली चौकोन: 'वळखा, कुणाची पाटी?'
उत्तरं आली. विठाबाई. विक्रम. विहीर.
एकानं लिहिलं, विनाकारण.
तासाभरानं नुसता दात दाखवलो, डॉक्टरीणबाईंच्या पाटीतला,
आणि त्याच्याखाली बोट:
पुरं बघायचं तर इकडं.
बाहेरगावचे विचारायला लागले, "दादा, रेट काय?"
मी लिहितो ना, 'करून देतो', 'पाठवतो'.
आम्ही पोरी हितं असंच बोलतो.
दादा तर दादा. रेट सांगितलो.

तीनशे चाळीस जणांनी बघितलं.
एकसष्ट पोस्टपर्यंत आले.
बाकीचे अंगठा दाबून पुढं, कुणाच्या तरी मिसळीवर, कुणाच्या तरी लग्नात.
मी तोंड पाडून बसलो तर आप्पा म्हणाले,
"सायकल हळू केली नव्हं त्यांनी? बास झालं."

बघणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव रोज आईच्या फोनचं.
म्हणजे आप्पा.
स्टोरी सुटत नाही एक, पोस्टला कधी लाइक नाही.
"पोस्ट बघितलासा का?"
"ती काय बघायची?
सोप्यात वाळताना बघितलोय की."

आज दुपारी स्टोरी गेली.
वेलांटी गेली, विहीर गेली, विनाकारण गेलं.
विभावरी इंगवले आहेत अजून, पिवळ्या,
आणि त्यांच्याखाली सांगलीच्या कुणाचा तरी प्रश्न:
घराची पाटी करता का, दोघांच्या नावाची, तिचं आधी?

संध्याकाळी तालमीवरनं आलो.
ऊन तिरकं पडलं की फळ्यावर
पुसलेलं परत दिसतं थोडं.
आजच्या दुःखद निधनाच्या मागं,
कालचा खडू, आप्पांचं वळण,
मला न सांगता लिहिलेलं:
'पेंटरांच्या पोरीचं नवीन काम'
आणि त्याच्या पुढं
एक काना.